"चांगल्या हाताला कशाला व्यायाम?" – लकव्यानंतरच्या एका मावशींचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरात घरी जाऊन पेशंट बघते. लकव्यानं डावा हात गेलेल्या एका मावशींच्या चांगल्या, म्हणजे उजव्या हाताला ताकदीचा व्यायाम दिला, त्याचं हे प्रकरण आहे, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसं लिहितेय. सगळं छान जमलं म्हणून लिहीत नाहीये, मधे मी स्वतः दोन-तीन ठिकाणी चुकले आणि त्यातलं एक तर चांगलंच महागात पडलं असतं.

पार्श्वभूमी

मावशी ५७ वर्षांच्या. कडक भाकरी करून विकायचा घरगुती धंदा, वीसेक वर्षं रोज पहाटे चुलीपुढं. बीपी होतं पण गोळी "डोकं दुखलं तर" घ्यायची. एका पहाटे उठल्या तर डावा हात उचलेना, घरच्यांना वाटलं हातावर झोपल्या असतील, मग तेल लावलं, मग चहा दिला, मग तोंड वाकडं दिसायला लागलं तेव्हा रिक्षा. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारचे दोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि इथं तर झोपेत नेमकं किती वाजता झालं तेच कुणाला माहीत नाही, त्यामुळं ते राहिलंच. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, मधल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भागात इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्यानं मेलेला भाग. म्हणून डावं अंग गेलं.

नऊ दिवस ॲडमिट, मग घरी. पहिले तीन महिने, जेव्हा शरीर आपणहून सगळ्यात जास्त भरून काढतं, तेव्हा व्यायाम झाला तो धरसोडीचा. मधे कुणी गावाकडं नेऊन औषध पाजलं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं (चोळलं नाही, सूनबाईंनी ठाम नकार दिला, त्या बाईचं मला कौतुक आहे). मला बोलावलं तेव्हा सातवा महिना संपत आला होता.

अडचण नेमकी काय होती

चालणं बऱ्यापैकी, उजव्या हातात काठी घेऊन. डावा खांदा अर्ध्यापर्यंत उचलायचा, कोपर वाकायचं, बोटं मिटायची पण उघडायची नाहीत. मनगट वर उचला म्हटलं की नुसतं थरथरल्यासारखं, तीन-चार अंश हलायचं. हाताचा फ्युगल-मेयर स्कोअर (लकव्यानंतर हात कितपत हलतो याचे गुण, जास्त तितकं बरं) ६६ पैकी २४. बोटं मिटणाऱ्या स्नायूंचा ताठरपणा ॲशवर्थ मोजमापात (० म्हणजे ताठरपणा नाही, ४ म्हणजे सगळ्यात जास्त) २. डाव्या बाजूकडं लक्षही कमी, म्हणजे ताटात डावीकडं वाढलेली चटणी तशीच राहायची आणि वर "आज चटणी नाही का" म्हणून विचारायच्या.

घरात कुणीतरी हौसेनं पिवळा स्माईलीचा बॉल आणून दिलेला, दिवसभर डाव्या हातात कोंबलेला. हे मी निम्म्याहून जास्त घरांत बघते. बॉल दाबून मिटणारे स्नायू आणखी कामाला लागतात, ते तर आधीच ओढलेले, कमी पडतंय ते मनगट उचलणं आणि बोटं उघडणं. बॉल पहिल्याच दिवशी नातवाला दिला.

मावशींना काय हवंय हे विचारलं तर त्या म्हणाल्या, "भाकरी जमायची नाही ते मला कळतंय, पण पीठ मळताना परात गरागरा फिरतीय, ती तरी धरता यावी." हे मला फार नेमकं वाटलं. भाकरीत उजवा हात थापतो, डावा कड सांभाळतो, परात धरतो, आणि तव्यावर टाकायला दोन्ही तळवे लागतात. त्यातलं सगळ्यात सोपं काम म्हणजे परात धरणं, पण त्यालाही मनगट थोडं वर उचलून तसंच टिकवावं लागतं.

आणि अजून एक गोष्ट, जी मला सूनबाईंनी सांगितली नसती तर माझ्या लक्षात आली नसती. "मॅडम, आत्यांच्या चांगल्या हातातनंपण भांडी पडतात आता." मी ताटात २० शेंगदाणे ठेवले आणि उजव्या हातानं एकेक उचलून वाटीत टाकायला लावले, ३८ सेकंद लागले. त्यांच्याच वयाच्या शेजारीण काकू हसत हसत विशीच्या आत करून उठल्या.

म्हणजे "चांगला" हात आपण म्हणतो तेवढा चांगला नसतो. पेन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट सेनबर्ग यांच्या गटानं यावर बरंच काम केलंय. डाव्या मेंदूला इजा झाली तर त्याच बाजूच्या हाताची हालचाल आखण्यात गडबड होते, उजव्या मेंदूला झाली तर हात नेमका जागेवर नेऊन थांबवण्यात. २०२० च्या त्यांच्या अभ्यासात हेही आलं की या हाताची गडबड किती हे मेंदूची कुठली बाजू गेली आणि दुसरा हात किती गेला यावर ठरतं. शिवाय आमच्या मावशी सात महिने खाटेवर-खुर्चीवर, उजव्या हाताचंही काम वीस वर्षांत पहिल्यांदा बंद पडलेलं, तो कमजोर होणारच.

कुठले पर्याय समोर होते

पहिला, चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताला कामाला लावायचं. एडवर्ड टॉब यांच्या कामातून आलेली पद्धत, २००६ साली २२२ पेशंटांवरची एक्साइट नावाची मोठी चाचणी यावरच होती. पण त्याला मनगट निदान १० अंश तरी आपणहून उचलता यायला हवं, बोटंही थोडी उघडायला हवीत. इथं ते नव्हतं. आणि ज्या हातात काठी आहे तोच बांधला तर पडून खुब्याचं हाड मोडायचं.

दुसरा, विजेच्या झटक्यांचं मशीन लावून मनगट उचलणारे स्नायू आकुंचवायचे. पर्याय चांगला, पण त्यासाठी आठवड्यातून चारदा रिक्षानं क्लिनिकला यायचं, मुलगा स्वतः रिक्षा चालवतो म्हणजे तेवढ्या वेळचा धंदा बुडणार. मी हा पर्याय फार लवकर सोडला, त्याबद्दल खाली बोलते.

तिसरा आरसा. डावा हात आरशामागं, उजव्याचं प्रतिबिंब बघत हालचाल करायची. आधीच्या थेरपिस्टनी तीन आठवडे केलं होतं. मावशींचा अभिप्राय: "आरशात बघून काय भाकरी व्हतीय का." तरी रोज दहा मिनिटं चालू ठेवलं, कारण निदान तेवढा वेळ त्यांचं लक्ष डाव्या बाजूला जायचं.

चौथा, नुसता डाव्या हाताचाच सराव वाढवायचा. पण चार अंश हलणाऱ्या मनगटाला तुम्ही शंभर वेळा "उचला उचला" म्हटलं की पेशंट खांदा उचकतो, अंग वाकवतो, श्वास कोंडतो, आणि मनगट तिथंच.

पाचवा म्हणजे उजव्या हाताला ताकदीचा व्यायाम. ही कल्पना नवी नाही. १८९४ मध्ये येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की एका हातानं रबरी फुगा दाबून पारा वर चढवायचा सराव केला की न वापरलेल्या दुसऱ्या हाताचाही जोर वाढतो. एका बाजूनं पूर्ण जोर लावताना मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होतात, दोघांना जोडणाऱ्या तंतूंतून होणारी एकमेकांची अडवणूक कमी होते, मणक्यातल्या जोडण्यांतही बदल होतात. स्नायू फुगत नाही, त्याला जाणारा हुकूम सुधारतो. कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या पॉल झेर यांच्या गटानं हे लकव्याच्या पेशंटांवर करून पाहिलं. २०१३ च्या अभ्यासात १९ जणांनी सहा आठवडे फक्त बऱ्या पायाचा घोटा वर उचलायचा जोराचा व्यायाम केला, तर कमजोर पायाचा तोच जोर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढला. २०१८ च्या अभ्यासात मनगट घेतलं, २४ जण, पाच आठवडे, आठवड्यातून तीनदा, आणि तिथंही दोन्ही हातांची ताकद वाढली. यातले सगळे लकवा होऊन बरेच महिने ते अनेक वर्षं झालेले होते, म्हणजे आपोआप सुधारण्याचा काळ संपल्यानंतरचे.

जिथं मी अडले

माझ्या सीनियरांना फोन केला तर त्या स्पष्ट म्हणाल्या, नको. त्यांची दोन कारणं होती आणि दोन्ही बिनबुडाची नव्हती. एक, बऱ्या बाजूनं जोर लावला की लकव्याच्या बाजूचा हात आपोआप आखडतो, कोपर वाकतं, मूठ घट्ट होते, हे आम्हाला कॉलेजात घोकून घोकून शिकवलंय. दुसरं, घरच्यांना एकदा का उजव्या हाताचा व्यायाम मिळाला की डाव्याकडं कुणी बघणार नाही, आणि जो हात वापरत नाही तो मेंदू विसरत जातो.

सूनबाईंची हरकत वेगळीच. "दुखतंय एकीकडं आणि मलम दुसरीकडं?" यावर माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. मी त्यांनाच म्हटलं, वहिनी, उजव्या हाताची मूठ जमेल तेवढी कच्चून आवळा आणि डाव्या हाताकडं बघा. त्यांचीही डावी बोटं थोडी वळली. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं: पाच आठवडे करायचं, दर आठवड्याला ताठरपणा मोजायचा, वाढला तर त्याच दिवशी बंद. डाव्या हाताचा रोजचा वीस मिनिटांचा सराव आणि दहा मिनिटं आरसा कमी करायचा नाही. आणि फिजिशियनकडून बीपीबद्दल लेखी परवानगी, त्यांनी सांगितलं की वरचं १६० च्या पुढं असेल तर त्या दिवशी जोर नाही.

काय केलं

जोर मोजायचं मशीन महाग. मी वापरला तो प्रवासाची बॅग लटकवून वजन करायचा हूकवाला डिजिटल काटा. टेबलावर उजवा हात आडवा, अंगठा वर, म्हणजे हाताचं स्वतःचं वजन मधे येत नाही. कोपरापासूनचा भाग जुन्या लुगड्याच्या पट्टीनं टेबलाला बांधला. बोटांच्या मुळाशी दप्तराचा पट्टा, पट्ट्याला काट्याचा हूक, काट्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. आता हाताची पाठ बाहेरच्या बाजूला ढकलायची, काट्यावर आकडा येतो.

पाच सेकंद पूर्ण जोर, असं पाच वेळा, असे पाच सेट, मधे दोन मिनिटं विश्रांती. सोमवार, बुधवार, शनिवार. सगळं मिळून पंचवीसेक मिनिटं. श्वास कोंडला की बीपी चढतं म्हणून मोजायचं ते मोठ्यानं, मावशी आकडे मोजेनात, त्या पाच वेळा "विठ्ठल" म्हणायच्या, साधारण पाच सेकंद भरायचे. काट्यावरचा आकडा बघायची त्यांना इतकी गोडी लागली की नातू येऊन ओरडायचा, "आज्जे, पाच किलो तीनशे!"

डावा हात शेजारी उशीवर, तळवा खाली, बोटं सैल सोडलेली. नजर मात्र काट्यावरनं मधून मधून डाव्या हाताकडं न्यायची, आणि जोर लावताना डाव्याही मनगटाला उचल म्हणून सांगायचं. (अभ्यासांत असं करत नाहीत, तिथं दुसरा हात शांत ठेवतात. मी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, त्यामुळं फायदा नेमका कशाचा झाला हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.)

मधे काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात ॲशवर्थ करायला बोटं उघडली तर नेहमीपेक्षा जास्त अडली. आधी वाटलं सीनियरांचं खरं ठरलं. थांबवणार होते, पण सूनबाईंना सहज विचारलं, डाव्याचा रोजचा सराव चालूय ना? तर गप्प. दहा-बारा दिवस झाला नव्हता. "नवीन व्यायाम आला म्हणून जुना बंद केला असं समजले मी." चूक त्यांची नाही, घरात भाकरीचा धंदा आता एकट्या त्या बघतात, आणि मी काट्याच्या कौतुकात विचारायलाच विसरले. म्हणजे सीनियरांचं पहिलं कारण नाही तर दुसरं कारण खरं ठरलं.

इथं निर्णय घ्यायचा होता, बंद करायचं की डाव्याचा सराव परत आणून आठवडाभर बघायचं. मी दुसरं केलं, आणि क्रम उलटा केला: आधी डाव्याचा सराव, बोटं ताणणं, मगच काटा. डाव्याचं झालं नसेल तर काटा खुंटीवरच. आठवड्यात ताठरपणा आधीच्या जागी आला.

चौथ्या आठवड्यात याहून वाईट. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, काठी धरतानाही. मनगट उचलणारे स्नायू तिथंच हाडाला चिकटतात, आणि मी त्यांना आठवड्यातून तीनदा पंचवीस वेळा पूर्ण जोर लावायला लावत होते, वर काठीचा भार त्याच हातावर. ज्या बाईला चालायला, जेवायला, संडासला एकच हात आहे तो हात मी दुखावून ठेवणार होते. दोन वेळा पूर्ण विश्रांती, शेकणं-बर्फ, मग परत सुरू करताना पाचाऐवजी तीन सेट आणि काट्यावर ठरवून दिलेला आकडा, पूर्ण जोराच्या पाऊणभाग. त्यामुळं पाच आठवड्यांचे सहा झाले. दुखणं गेलं.

काय हाती लागलं

उजव्या मनगटाचा जोर ५.२ किलोवरनं ६.९ वर. शेंगदाण्यांना ३८ ऐवजी २९ सेकंद. भांडी पडायची कमी झाली हे सूनबाईंनी न विचारता सांगितलं. माझ्या दृष्टीनं सगळ्यात पक्का फायदा हाच, कारण ज्या हातावर सगळं घर चाललंय तोच सुधारला.

डाव्या मनगटाचा जोर ०.६ वरनं ०.९ किलो. टक्क्यांत सांगितलं तर ५० टक्के वाढ, ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्यक्षात ३०० ग्रॅम आहे, त्यामुळं कुणी नुसते टक्के सांगत असेल तर आधी किलो विचारा. मनगट आपणहून ४ ऐवजी साधारण ९ अंश उचलायला लागलं. फ्युगल-मेयर २४ चा २७. पाचेक गुण वाढले तरच रोजच्या जगण्यात फरक जाणवतो असं साधारण धरतात, त्या हिशेबानं हे कमीच. ताठरपणा होता तेवढाच.

बोटं उघडायला लागली का, नाही. जो स्नायू बऱ्या बाजूला कामाला लावला त्याचाच जोडीदार सुधारला, बोटांपर्यंत ते पोचलं नाही, आणि पोचेल असं मी कुणाला सांगणार पण नाही.

परातीचं मात्र झालं. पण ते आपोआप नाही झालं, पाच आठवडे उलटले तरी मावशी पीठ मळताना डावा हात मांडीवरच ठेवायच्या. जोर आला होता पण हात कामात आलाच नव्हता. मग मी दोन आठवडे काटा बाजूला ठेवून खरी परात घेतली, खाली ओलं फडकं, डावा तळवा आतून कडेवर, मनगट वर, आणि आधी नुसती रिकामी परात, मग थोडं पीठ. सहाव्या-सातव्या दिवशी परात फिरली नाही. एका भाकरीपुरतं पीठ मळलं, थापली सुनेनंच.

परत करायचं झालं तर

सुरुवातीचं मोजमाप मी एकदाच घेतलं, तेही संध्याकाळी, मावशी दमलेल्या असताना. शेवटचं घेतलं ते सकाळी. ०.६ आणि ०.९ मधला काही भाग नुसता सकाळ-संध्याकाळचा असणार. पुढच्या वेळी दोन वेगळ्या दिवशी, एकाच वेळेला, तीन-तीन वेळा.

परात पहिल्या दिवसापासून सोबत ठेवेन. काट्याचा सेट झाला की लगेच पाच मिनिटं परात.

पूर्ण जोरानं सुरुवात करणार नाही, पहिले दोन आठवडे अर्ध्या-पाऊण जोरानं, आणि काठीच्या मुठीला जाड कापड गुंडाळून पकड मोठी करेन म्हणजे कोपरावर ताण कमी येईल. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

विजेच्या मशीनचा पर्याय मी रिक्षाच्या भाड्यावरनं सोडला, तेव्हा घरी वापरायचं छोटं मशीन महिनाभर भाड्यानं मिळतं का एवढं तरी विचारायला हवं होतं. नंतर दुसऱ्या एका पेशंटसाठी विचारलं तर मिळालं.

आणि सगळ्यात मोठी खंत म्हणजे वेळ. डावा हात पूर्ण लुळा असतानाच्या पहिल्या महिन्यांत उजव्या हाताचा व्यायाम घरात कुणीही करून घेऊ शकलं असतं, बीपी सांभाळून, डॉक्टरांना विचारून. त्या काळात मावशींना सगळे "पडून राहा" म्हणत होते.

सध्या दर सोमवारी आणि शनिवारी काटा चालू आहे, तीन सेट. मधे घरात लग्न निघालं म्हणून सहा आठवडे सगळं बंद होतं, परत मोजलं तेव्हा डाव्याचा आकडा ०.८ आला, सकाळीच मोजला होता. आता मनगट १० अंशांच्या जवळ आलंय, त्यामुळं डाव्या हाताला जास्त काम देणाऱ्या पद्धतीचा एखादा सौम्य प्रकार, उजवा हात न बांधता, फक्त बसलेल्या वेळेत, जमेल का ते पुढच्या महिन्यात बघणार आहे. सीनियर म्हणाल्या, आधी बोटं उघडू दे. बहुतेक त्यांचंच ऐकेन.